महालक्ष्मीच्या पोटातला गहू

चि. वसंत आणि चि. शालन यांस आजीचे अनेक आशीर्वाद.

मी उंद्रीहून परतले त्याच आठवड्यात तुमचं नैरोबीचं पत्र हाती पडलं. शालनने लिहिलं आहे की शाळेत मास्तरांनी जगाचा नकाशा भिंतीवर लावला. जिथे गहू भरपूर होतो तिथे गडद पिवळा रंग, जिथे थोडा तिथे फिका, आणि आजी राहते त्या भागावर रंग जवळजवळ नाहीच. मास्तर म्हणाले, गरीब मुलखात गहू कमी पिकतो आणि दरसाल आणखी कमी होत जातो, कारण तिथले लोक आजोबाचं बियाणं सोडत नाहीत. वसंतने खाली एवढंच लिहिलंय, "आजी, हे खरं का?"

रागात पत्र लिहू नये, असं मी तुमच्या बाबांना लहानपणी शिकवलं होतं. म्हणून पत्र बाजूला ठेवलं आणि थांबले. राग गेला नाही. त्याची नीट घडी मात्र पडली. आता क्रमाने सांगते. मास्तरांना उलट बोलू नका, पण हे वाचून झाल्यावर त्यांना वाचायला द्या.

आजोबांची थोरली बहीण अनसूयाबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते, चिखली तालुक्यात उंद्रीला दिल्या आहेत. त्यांच्या काळ्या वावरात विहिरीचं पाणी न देता, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर गहू येतो. त्याला बन्सी म्हणतात. दाणा लांब, मधाच्या रंगाचा, दाताखाली धरला तर कट्कन मोडतो. आपल्या घरी उन्हाळ्यात ज्या शेवया होतात त्या याच गव्हाच्या.

वन्संचा निरोप आला होता: "यंदा महालक्ष्म्याले येच. तुले इंग्रजी येते. अर्ज लिहाचा हाय."

अर्ज कशाचा, ते सांगते. लढाई चालू असताना सरकारने शेतकऱ्याचं धान्य सक्तीने विकत घ्यायला सुरुवात केली. तिला लेव्ही म्हणतात. लढाई संपली, लेव्ही राहिली. घरात खाण्यापुरतं ठेवायचं आणि बाकीचं सरकारला घालायचं. बियाणं काही कोणी खात नाही, म्हणून ते 'खाण्यापुरत्या'त बसत नाही! वन्संचं म्हणणं इतकंच होतं की कार्तिकात पेरायचा गहू तेवढा आमच्याकडे राहू द्या. अर्ज मी नागपुरात घरीच लिहिला आणि वाटेत बुलढाण्याला द्यायचा असं ठरवून निघाले.

मलकापूर ते घाट

मलकापूरला उतरलं की आगगाडीचा आणि आपला संबंध संपतो. बुलढाणा वर पठारावर. तिथे मोटार जाते. पेट्रोल मिळत नाही म्हणून मोटारीच्या पाठीला कोळशाची एक उंच टाकी बांधलेली असते आणि त्या धुरावर ती चालते. सपाटीवर चालते, एवढंच म्हणायला हवं. राजूरच्या घाटात तिने दम टाकला.

"उतरा, उतरा! गडीमान्सं ढकला!" कंडक्टर ओरडला.

गडी उतरले, तरी मोटार हलेना. मग बायकाही उतरल्या. मीही छत्री घेऊन उतरले आणि पहिल्याच उंचवट्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई म्हणाली, "आजीबाई, तुमी बाजूले उभ्या राहा वो. तुमच्यानं मोटार काय हालन?"

"अवं, हालो न हालो," एक फेटेवाला म्हातारा मागून ओरडला, "टिकीट घेतलं त ढकलाच लागते. या राज्यात मोटार मानसाले नेत नाई, मानूस मोटारीले नेते!"

सगळे हसले. हसताना जोर लागला की काय, मोटार वळणावर चढली आणि खोकत उभी राहिली. तिचा कोळसा पुन्हा पेटेपर्यंत आम्ही कठड्यावर बसलो. खाली मलकापूरकडचा मुलूख दिसत होता, हिरवागार, आणि सगळी पऱ्हाटी. कापसाच्या झाडाला इथे पऱ्हाटी म्हणतात. एकाही शेताचा तुकडा वेगळ्या हिरव्या रंगाचा नव्हता.

"रब्बीला ठेवलेली जमीन दिसत नाही कुठे," मी म्हाताऱ्याला म्हटलं.

"कुठून दिसन? माह्या आज्याच्या टायमाले इथं गहूच गहू व्हता. घाटातून पाह्यलं त पिवळं पिवळं." त्याने चंचीतून सुपारी काढली. "मंग आगगाडी आली. इलायतेले कापूस पाह्यजे म्हने. सरकारले शेतसारा रोख पाह्यजे. मंग गव्हाले कोन पुसते?"

वसंता, हा मास्तरांच्या नकाशावरच्या फिक्या रंगाचा पहिला हात. त्यात आजोबाच्या बियाण्याचा काही दोष मला दिसला नाही.

बुलढाणा

बुलढाण्याची हवा गोड आहे. भर दुपारीही सावलीत गारवा असतो, कचेऱ्यांच्या आवारात मोठी झाडं आहेत, आणि सगळ्या गावाचा कारभार त्या कचेऱ्यांभोवती फिरतो. मी हातपाय धुतले, चपलेला मोच्याकडून टाके घालून घेतले आणि अर्ज घेऊन धान्याच्या अधिकाऱ्याकडे गेले. त्यांचं नाव लिहीत नाही. ते मराठीच होते, पुण्याकडचे.

व्हरांड्यात कितीतरी माणसं उभी होती. माझ्या पुढे एक लुगडं खोचलेली शेतकरीण होती. मी चपराशाला इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली, तर मला तिच्या आधी आत घेतलं, खुर्ची दिली आणि चहा मागवला.

साहेबांनी अर्ज वाचला. "इंग्रजी उत्तम आहे तुमचं, बाईसाहेब. पण मागणी चुकीची आहे. या लोकांनी जुन्या बियाण्याचा मोह सोडला पाहिजे. सरकार डेपोतून चांगलं बियाणं देतं की!"

"ते कोणत्या जमिनीचं आहे? पाण्याखालच्या की कोरडवाहू?"

"गहू तो गहू."

"बन्सीला पाणी लागत नाही, साहेब. म्हणून तर इथे तो पेरतात."

ते हसले. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला पटेल. ही माणसं 'मले-तुले'च्या पलीकडे काही जाणत नाहीत. त्यांचं दारिद्र्य त्यांच्या कोठीतच आहे."

"ती कोठी माझ्या नणंदेची आहे," मी म्हटलं.

चहा आला होता. मी घेतला नाही. साहेबांनी अर्ज पितळी वजनाखाली सरकवला आणि म्हणाले, "विचार करू." सरकारी भाषेत याचा अर्थ काय होतो, तुमच्या आजोबांनी जन्मभर सरकारी शाळेत काढल्यामुळे मला ठाऊक आहे.

बाहेर ती शेतकरीण अजून उभीच होती. तिने विचारलं, "झालं काय वो बाई तुमचं काम?"

"नाही झालं."

ती म्हणाली, "मंग खुर्ची काऊन देल्ली तुमाले?"

तिचा प्रश्न घेऊनच मी चिखलीच्या मोटारीत बसले.

उंद्री

चिखलीपर्यंत मोटार आणि पुढे वन्संनी पाठवलेली बैलगाडी. इथे मात्र रस्त्याच्या कडेला वखरून मोकळी ठेवलेली काळी वावरं दिसायला लागली. पावसाचं पाणी पोटात साठवत ती अशीच पडून राहतात आणि कार्तिकात पेरली जातात. ओल्या काळ्या मातीचा वास गाडीच्या चाकांबरोबर घरापर्यंत आला.

वन्सं ओट्यावरच उभ्या होत्या. "आली काय वो वैनी? अर्जाचं काय झालं?"

"वजनाखाली ठेवलाय."

"म्हंजे मेला," त्या म्हणाल्या आणि माझ्या पायावर पाणी घालायला सुनेला हाक मारली.

त्यांची सून कमळा मोठी हुशार आहे. तिने जेवणाआधीच मला डेपोच्या बियाण्याचं पोतं उघडून दाखवलं. आत हात घातला तर हातावर सोंडकिडे चढले. दाणा कुठे पांढरा, कुठे तांबडा, निम्मा पोकळ, वासाला रॉकेल. शहरात रेशनवर आम्हाला मिळतो तोच, परमुलखातून आलेला गहू.

"शेजारच्यानं मांगल्या साली हेच पेरलं," कमळा म्हणाली. "त्याचंबी बियाणं लेव्हीत गेल्तं, मंग काय करन? बीतभर वाढलं आन तांबेरा पडला. वावरातून चालाले गेलं का धोतर तांबडं होये, मामीजी. पेंढीबी बैलानं खाल्ली नाई."

चांगलं बियाणं घेऊन जायचं, पिठाचा गहू बी म्हणून परत द्यायचा, आणि पीक बुडालं की लिहायचं, या मुलखात गहू कमी होत चालला आहे. शालन, फिक्या रंगाचा हा दुसरा हात.

महालक्ष्म्यांची, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींची, तयारी जोरात होती. आपल्या घराण्याच्या महालक्ष्म्या अमरावतीला थोरल्या काकूंकडे असतात, त्या तुम्ही लहानपणी पाहिल्या आहेत: लाकडी घडवंचीला साडी नेसवलेली आणि वर मुखवटा. आत सगळं पोकळ. उंद्रीला तसं नाही. तिथे ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी धान्याच्या कोठ्यांवर बसतात. पत्र्याच्या, खांद्याएवढ्या उंच कोठ्या. गावातल्या करीमचाचा पत्रेवाल्यांनी केलेल्या. वरून धान्य ओतायला झाकण आणि खाली, बुडाशी, धान्य काढायला लहानसं सरकतं दार. अशी कोठी वऱ्हाडात घरोघरी असते. झाकणावर मुखवटा ठेवतात, कोठीला नऊवारी नेसवतात, आणि कोठी हेच देवीचं पोट. ते पोट वन्संच्या घरी बियाण्याच्या बन्सी गव्हाने भरायचं आणि कार्तिकात पेरणीची पहिली मूठ त्यातूनच तिफणीत सोडायची, अशी रीत. आणखी एक रीत फार कडक: पोटातला दाणा परक्याच्या हातात द्यायचा नाही. दिला तर लक्ष्मी घराबाहेर जाते.

पूजेचा दिवस

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य. पुरण वाटून झालं होतं, ज्वारीची आंबील चुलीवर रटरटत होती, सोळा भाज्या एकत्र शिजत होत्या, वर फुलोऱ्याच्या करंज्या टांगलेल्या. आणि दारात लेव्हीचा इन्स्पेक्टर आला. खाकी पँट, डोक्यावर टोप, बरोबर गावचा कोतवाल आणि चार हमाल. सण आहे, उद्या या, असं म्हणायला गेलेल्या आमच्या गड्याला त्याने बाजूला सारलं.

मागच्या खोलीत पेरणीसाठी राखलेली पोती होती. हमालांनी ती एकेक करून अंगणातून बाहेर नेली. रांगोळीवरून नेली. मी बोलले, मराठीत आणि इंग्रजीतही. अर्ज विचाराधीन आहे म्हटलं. त्याने उत्तर दिलं, "विचार होईल तेव्हा परत मिळेल." पीठ झालेला गहू परत मिळतो की काय!

मग तो देवघरात आला. वन्सं आडव्या आल्या. "जोडे काढा. पाय धुवा."

त्याने धुतले, हे कबूल करते.

"बाई, या कोठ्यांत काय आहे?"

"देवी हाय."

"देवीच्या खाली?"

"देवीचं पोट हाय."

"आणि पोटात?"

"तुमच्या पोटात असते थेच. गहू."

कोतवालाला हसू आलं, ते त्याने मिशीत दाबलं. इन्स्पेक्टरने हुकूम सोडला की कोठी सभोवार बघ. कोतवाल देवीच्या साडीकडे हात नेतो न नेतो तोच वन्सं गरजल्या, "हात मांगं घे बे! देवीच्या निऱ्याले हात लावतं?" तो बिचारा भिंतीला जाऊन चिकटला. इन्स्पेक्टरचंही पुढे धैर्य झालं नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "विसर्जन होऊ द्या. परवा सकाळी गाडी पाठवतो. तोवर कोठ्या सील."

झाकणाच्या कड्यांतून सुतळी ओवली. लाख वितळवायला विस्तव हवा, तर त्याने देवीपुढची समई उचलायला लावली. तिच्या ज्योतीवर लाख धरली. एक जळता थेंब ज्येष्ठेच्या पदरावर पडला आणि साडीला भोक पडलं. तांबड्या लाखेवर शिक्का उमटवून, गावच्या पाटलाला बोलावून पंचनाम्यावर त्याची सही घेऊन तो गेला. जाताना नैवेद्याच्या ताटांकडे बघून म्हणाला, "पुरणाचा वास मात्र छान येतोय."

मुलांनो, इतका राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला असेल. मी हात पदरात गुंडाळून बसले.

आरती झाली. जेवणं झाली. मी म्हटलं, "वन्सं, कोठी खालून उघडते ना? रात्रीतून गहू काढू आणि माळ्यावर लपवू."

"माळा पाह्यते थो. धान्याचं बळद पाह्यते, गोठा पाह्यते. एका घरातलं धान्य लपत नाई, वैनी." त्यांनी देवीचा जळका पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कमळे, संध्याकाळी हळदीकुंकवाले समद्या गावाले बोलाव. यंदा ओट्या पोटातल्या गव्हानं भराच्या."

कमळा घाबरीघुबरी झाली. "आत्याबाई, पोटातलं देते काय कोनी? लक्ष्मी जाईन ना घरातून!"

"लक्ष्मी चाल्लीच हाय बाई, सरकारच्या गाडीत बसून," वन्सं म्हणाल्या. "त्या गाडीत जान्यापरीस गावात जाऊ दे."

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात जी रीत त्यांनी कधी मोडली नव्हती, ती त्या मोडत होत्या, आणि सासूने सोपवलेले मुखवटे समोरून बघत होते.

संध्याकाळी बाया आल्या. कमळा देवीच्या मागे साडीच्या आत बसली आणि खालचं दार सरकवून सूप भरून बाहेर देत राहिली. वन्सं ओटी भरायच्या आणि प्रत्येकीच्या कानाशी सांगायच्या, "खाऊ नको, पेर. पिकलं का मूठभर मले आनून दे."

"अनसूयाबाई, यंदाची ओटी भल्ली जड हाय वो!" एक म्हणाली.

"देवीच जड व्हती बाई. मोकळी होऊन राह्यली!"

देवघरात हशा पिकला. दुपारपासून पहिल्यांदाच.

गावकुसाबाहेरच्या बाया देवघरात येत नाहीत. ही चाल मला आवडत नाही, आणि मी दरवेळी तसं बोलून वन्संशी भांडते. त्या दिवशी त्या स्वतः सूप घेऊन अंगणाबाहेर गेल्या आणि तिथे उभ्या असलेल्या बायांच्या पदरात तोच गहू घातला. आत मात्र बोलावलं नाही. ते भांडण अजून शिल्लक आहे. करीमचाचांची बायको अमीनाबी हिनेही ओढणी पसरली. चाचा बाहेर ओट्यावर पान खात बसले होते. मला म्हणाले, "हमने तो दो मुंह की कोठी बनाई थी, बाई. साहब को एकच दिखा!"

माझीही ओटी भरली. मी पदराला गाठ मारली. एखाद्या घराची झडती घेता येते. गावातल्या सगळ्या सवाष्णींच्या ओट्यांची झडती घेणारा इन्स्पेक्टर अजून जन्मायचा आहे.

गाडी आली

विसर्जन झालं, मुखवटे पेटीत गेले, साड्या उतरल्या. सकाळी इन्स्पेक्टर गाडी घेऊन आला. लाखेची सीलं तपासली, जशीच्या तशी. सुतळी तोडली, झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं. बुडाशी कडुलिंबाचा वाळका पाला होता.

मग त्याची नजर खालच्या दाराकडे गेली.

"हे काय आहे?"

"तोंड हाय," वन्सं म्हणाल्या. "कोठीले दोन तोंडं असतेत. गावातल्या लेकरालेबी ठाव हाय."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी कुठं इचारलं?"

"गहू कुठे गेला?"

"सील तुमचंच हाय, साहेब. देवीनं खाल्ला असन."

तो लाल झाला. तुरुंगाची भाषा बोलला. पण लिहायचं काय? कोठीचं एक तोंड आपण पाहिलंच नाही, असं स्वतःच्या हाताने लिहावं लागलं असतं. शेवटी त्याने लिहिलं, कोठ्या रिकाम्या आढळल्या. मी मागून वाचलं. खाली त्याची सही होती.

यात मोठा विजय झाला असं समजू नका. पोती गेली ती गेलीच. परतताना बुलढाण्याला पुन्हा त्या कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर होते आणि माझा अर्ज त्याच वजनाखाली होता. ओळखीचं माझंच अक्षर खालून डोकावत होतं.

आता कार्तिक सरला आहे. कमळाने कळवलं आहे की वन्संच्या मोठ्या वावरात यंदा हरभरा पेरला. गव्हाला पुरेल इतकं बियाणं घरात नव्हतं. सरकारी कागदावर उंद्रीचा गहू आणखी घटलेला दिसेल, आणि पुढच्या वर्षी तुमच्या मास्तरांच्या नकाशावरचा रंग आणखी फिका होईल. तो बघून 'आजोबाचं बियाणं' असं कोणी म्हणालं, तर बोट वर करा आणि विचारा: ते बियाणं नेलं कोणी?

पण विहिरींच्या कडेला, परसात, धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, गावकुसाच्या आत आणि बाहेर, अमीनाबीच्या अंगणात, मुठीमुठीएवढे वाफे आहेत. माझ्या पदरातला गहू मी नागपुरात तुळशीमागे पेरला आहे. तो बोटभर वर आला आहे. उंद्रीत बन्सी गहू अजून आहे.

तुमची,
आजी